रुंताकेची हिरवी सायकल

२२ जून, शनिवार

मामांनी ही वही दिली त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि तिला शाई आज पहिल्यांदा लागतेय. खरं सांगायचं तर पहिली दोन पानं चुलीत गेली. लाकडं ओली होती, वही कोरडी होती, काय करणार. मग रोज ठरवायचे की उद्यापासून. उद्या कधी कोंबडी हरवायची, कधी ऊन पडायचं. इथे ऊन पडलं की माणूस कामं सोडून भिंतीला पाठ लावून बसतो, मग मीही बसते.

रोज काय काय केलं ते लिहायचं, असं मामा अँब्युलन्समध्ये आडवे पडून सांगत होते. खुब्याचं हाड मोडलेला माणूस. कण्हायचं सोडून मला म्हणतो, "आठवड्यातून एकदा सायकल पुसा. चेनला तेल द्या. बाकी हात लावू नका. आणि लिहून ठेवा."

मला भाचीला ते अहो-जाहो करतात. डोंगरातली ही रुंताके वाडी सगळीच तसं करते. परवा शेजारचे क्लोदोमिरो काका घरात कुणाला तरी म्हणत होते, "अहो, तुम्ही बाहेर व्हा बघू आधी." मला वाटलं आत पाहुणे आहेत. बाहेर आला तो कुत्रा.

तर नोंद. मी देयानिरा, वय चोवीस, शाळा नववीपर्यंत, तीही अधूनमधून. बोगोताहून निघाले ती किनाऱ्यावर गेले, तिथे नारळपाणी विकलं. मग दुइतामात उल्पियानो उस्तादांच्या कारखान्यात ट्रक आणि बस रंगवल्या. दोन वर्षं. इतकी मी दुसरीकडे कुठेच टिकले नाही. आईचा फोन आला, "तू नाहीतरी भटकतच असतेस, मग जरा मामाकडे भटक. त्याला बघायला कोणी नाही." मामा तुंहाच्या हॉस्पिटलात गेले आणि मी त्यांच्या घरात राहिले. दोन गाई, अकरा कोंबड्या (आता दहा) आणि ही सायकल.

सायकल मामांची नाही. रुंताकेची आहे. अठ्ठावन्न साली इथल्या प्रत्येक घराने एकेक पोतं बटाटे दिले आणि देशभरच्या शर्यतीत उतरायला सिल्विनो नावाच्या पोराला ही घेऊन दिली. तो शेवटून तिसरा आला. पण आला. तो गेल्यावर सायकल एकेका राखणदाराकडे राहिली, मामा चौथे. पुढच्या खोलीत कार्मेन मातेच्या तसबिरीखाली तिची जागा आहे. दरवर्षी १६ जुलैला, मातेच्या सणाला (ड्रायव्हर लोकांची माता ती), नटवलेल्या सगळ्या गाड्यांच्या पुढे ती हाताने चालवत गावच्या चर्चला नेतात आणि पाद्री पाणी शिंपडतात. या वर्षी मामा नाहीत, तर मी नेणार. १७ ला मी मोकळी. आईने मावसभाऊ पाठवते म्हणून सांगितलंय.

सायकल आज पुसली. म्हणजे पुसणार आहे.

२९ जून, शनिवार

पुसली. खरंच.

हिरवी म्हणतात तिला, पण हिरवं काय ते नावातच उरलंय. उन्हात पडलेल्या बटाट्याला जशी हिरवट झाक येते तसा रंग. कुठे पापुद्रे निघालेत, कुठे गंज. मेणबत्त्यांची काजळी आणि जुनं तेल बसून आडव्या दांडीच्या खाली तर बोटभर थर झालाय. उल्पियानो उस्तादांनी ही बघितली असती तर छातीवर क्रूस काढला असता. ते म्हणायचे, "मातेसमोर गंज घेऊन जाऊ नये. आपण आंघोळ करून जातो ना?" जुलै आला की आमच्याकडे ट्रकची रांग लागायची. ज्याच्याकडे टायरला पैसे नसत तोसुद्धा रंग लावून घ्यायचा.

दुपारी तेओदोलिंदा आजी आल्या. वरच्या वळणावर राहतात, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काठीने दगड मोजत एकट्या येतात. मी गुळपाणी ठेवलं. त्या म्हणाल्या, "ते राहू द्या हो पोरी, आधी तिला भेटते."

सायकलीशी बोलतात त्या! काठी भिंतीला लावली, सीटवर हात ठेवला, मग आडव्या दांडीच्या खालून बोटं फिरवत फिरवत पुढे नेली. एका जागी थांबल्या. अंगठ्याने तिथेच घासत बसल्या कितीतरी वेळ. मला वाटलं धूळ बघतायत. मेले शरमेने.

"नीट पुसलं नाही का आजी?"

"पुसलंत की. छान आहे. आहे तशी आहे."

मग बसून गुळपाण्यात चीज बुडवून खाल्लं आणि किनाऱ्यावर खरंच लोक कपडे न घालता फिरतात का ते विचारलं. मी हो म्हटलं. त्यांना फार आनंद झाला.

४ जुलै, गुरुवार

चार दिवस लिहिलं नाही कारण तेहो खेळायला शिकत होते. लोखंडी चकती फेकून चिखलातली बारुदाची पुडी फोडायची. माझ्याकडून एकही फुटली नाही, पण बिअरचा एक खोका फुटला.

दुधाची गाडी चालवणारा एवेलियो तिथे होता. त्याने गाडी सणासाठी लाल-पिवळी रंगवून घेतलीय. मी जवळ जाऊन बघितलं आणि हसू दाबता आलं नाही.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. रंग ओघळलाय. गाडी रडतेय असं वाटतं."

"बघा बघा, पेंटरबाई आल्या! तोंडाने सगळेच रंगवतात. तुमचं काम दाखवा की आम्हाला. का तुमच्या मामांची ती म्हातारी तशीच नेणार पुढे? आम्ही सगळे नटून मागे, आणि पुढे ती भिकारीण."

सगळे हसले. क्लोदोमिरो काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "ती कशी जायची तशीच जाते." आणि चकती पुसत बसले.

मला ते लागलं. काकांचं नव्हे, एवेलियोचं. माझे ब्रश पिशवीत आहेत. मी रंगवलेली एक बस अजून सोगामोसोच्या रस्त्यावर धावते, लोक वळून बघतात.

९ जुलै, मंगळवार

आज रॉकेलचा बोळा घेऊन सायकलीची काजळी काढायला घेतली. नुसती काजळी. पुसणंच झालं ते.

आडव्या दांडीच्या खालचा थर निघाला तसे आत चरेच चरे. दांडीभर. नळी म्हणावी की मांजरीचं नख घासायचं लाकूड! कोणीतरी खिळ्याने ओरबाडलंय, पोरंटोरं असणार. कुठे फुली, कुठे कोंबडीच्या पायासारखं काही, एक अर्धा चंद्र, एक शिडी, एक किल्ली की चमचा. काही इतके खोल की नख अडकतं. आणि त्यांच्यातूनच गंज आत शिरतोय. गंज असाच शिरतो, ओरखड्यातून. उस्ताद म्हणायचे, ओरखडा म्हणजे उघडं दार.

साठ वर्षं चार राखणदार, आणि एकालाही हे बंद करावंसं वाटलं नाही. मामांना वाटलं असेल, पण सांगणार कोणाला? ते कोणाकडे मीठसुद्धा मागत नाहीत. "बाकी हात लावू नका" हे त्यांचं म्हणणं मला आता कळतं: मला त्रास नको म्हणून. त्यांना वाटलं असेल, ही काय, चार दिवसांची पाहुणी.

आयुष्यात कोणी माझ्या हातात सांभाळायला काही दिलं असेल तर ते हेच. ते धड करून परत द्यावं असं वाटतं. एकदा तरी.

गावात जाऊन पॉलिश पेपर, चरे बुजवायची लांबी आणि प्रायमर आणला. कोंबड्या आता नऊ. कोल्हा असावा.

११ जुलै, गुरुवार

फ्रेम सुटी केली. दोन दिवस घासतेय. ओला पेपर, आधी जाड, मग बारीक. हात सुजलेत. लोखंड चांगलं आहे, एकदम चांदीसारखं निघालं. चरे काही नुसत्या घासण्याने जाणारे नव्हते. त्यांत लांबी भरली, वाळल्यावर घासली, पुन्हा भरली. तीन हात. आता दांडी आरशासारखी. डोळे मिटून बोट फिरवलं तर कुठेच अडकत नाही. हीच परीक्षा असते आमच्यात.

आजी दोनदा दाराशी येऊन गेल्या. मी दार लावून आतून ओरडले, "सणाला बघा आजी, आत्ता नाही!" त्या हसत म्हणाल्या, "बरं बाई, नवरीसारखं लपवताय!"

खूप दिवसांनी भूक लागून जेवले. मक्याचे जाड पाच आरेपा.

१४ जुलै, रविवार

झाली.

गडद हिरवा, दोन हात, वर चकचकीत. कडेने बारीक सोनेरी रेघ, एका श्वासात ओढलेली. श्वास सोडला की रेघ हलते म्हणून कोंबड्यांनाही बाहेर काढलं होतं. हँडलखालच्या नळीवर कार्मेन मातेचं नखाएवढं चित्र. मातेच्या हातातलं बाळ जरा उल्पियानो उस्तादांसारखं झालंय, पण लांबून कळत नाही.

मी तिच्याकडे इतका वेळ बघत बसले की दूध उतू गेलं. मामा परत येऊन बघतील तेव्हा मी इथे नसेन. तेच बरं. कोणी माझ्यासमोर छान म्हटलं की मला पळून जावंसं वाटतं.

१६ जुलै, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहून ठेवा म्हणाले होते.

सकाळी चादर टाकून सायकल फाट्यावर नेली. सगळे जमलेले होते. फुगे, फिती, हॉर्न. एवेलियोने गाडीसमोर केळीचे खुंट बांधले होते. मी चादर काढली.

पोरं ओरडली, "नवी! नवी!" एवेलियोने शिट्टी मारली. "पेंटरबाई, टोपी काढतो तुमच्यापुढे," म्हणाला आणि खरंच काढली. मी इतकी खूश झाले की म्हातारी माणसं गप्प आहेत हे मला दिसलंच नाही. म्हणजे दिसलं. मला वाटलं, भारावलेत.

तेओदोलिंदा आजींना कोणीतरी हात धरून पुढे आणलं. त्यांनी सीटवर हात ठेवला. मग दांडीखालून बोटं पुढे गेली. टोकाला गेली. परत मागे आली. पुन्हा पुढे, या वेळी हळू. मी वाट बघत होते की म्हणतील, किती गुळगुळीत.

"ही कोणाची सायकल?" त्या म्हणाल्या.

"आपलीच आजी. हिरवी."

"नाही हो. मला दिसत नाही म्हणून काहीही आणून उभं कराल का?"

कोणी हसलं नाही. क्लोदोमिरो काका उकिडवे बसले, अंगावरचा लोकरी रुआना मागे टाकला, खालून हात लावला. मग मान वर करून मला विचारलं, "लांबी भरलीत?"

"हो काका. तीन हात," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं. ते माझे शब्द मी आता कुठे ठेवू?

काका उठले तेव्हा त्यांचे गुडघे वाजले, इतकी शांतता होती. त्यांनीच सांगितलं. आवाज न चढवता, मला अहो-जाहो करत. तेवीस घरांनी बटाटे दिले होते. निम्म्यांना लिहिता येत नव्हतं, आणि सिल्विनोला वाचता येत नव्हतं. मग ज्याने त्याने आपल्या मेंढ्यांवर आणि पोत्यांवर जी खूण असायची ती खिळ्याने दांडीखाली कोरली. वरून नको, खालून, असं सिल्विनोनेच सांगितलं होतं. चढावर घामाने डोळे मिटतात, म्हणाला, बोटांना कळलं पाहिजे मी कोणासाठी चढतोय.

"ती शिडी आमच्या बाबांची," काका म्हणाले. "शेवटची पायरी वाकडी होती. मी बारा वर्षांचा होतो, मी धक्का दिला म्हणून वाकडी झाली. मार खाल्ला मी त्याचा."

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"सगळ्यांना माहीत असतं हो ते," कोणीतरी मागून म्हणालं. रागाने नव्हे. त्यांना खरंच आश्चर्य वाटत होतं.

आजींची बोटं अजून दांडीखाली शोधत होती. त्यांचा अर्धा चंद्र. वडिलांचा हात थरथरायचा म्हणून त्यांनी, अठरा वर्षांच्या पोरीने, वडिलांच्या हातावर हात ठेवून तो कोरला होता. हे मला नंतर एवेलियोने सांगितलं. त्यालाही आईकडून आत्ताच कळलं होतं, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

मला वाटलं आता सायकल तिथेच सोडतील. नाही सोडली. मलाच चालवत न्यायला लावलं, सगळ्यांच्या पुढे. चर्चपाशी पाद्रींनी बादलीत झाडूची जुडी बुडवून पाणी शिंपडलं. थेंब दांडीवरून घरंगळून गेले, एकही टिकला नाही. चांगल्या रंगाचं हेच लक्षण.

१७ जुलै, बुधवार

आज जाणार होते. मावसभाऊ आला नाही, त्याची परीक्षा आहे म्हणे. गाईंची धार काढली.

लांबी पुन्हा उकरून काढता येईल का म्हणून सीटजवळ, जिथे दिसणार नाही तिथे, जरासं खरवडून पाहिलं. खाली काही नाही. मी भरण्याआधी घासलंच इतकं होतं. चरे उथळ करून मग भरायचे, उस्तादांनी तसंच शिकवलंय.

१९ जुलै, शुक्रवार

तुंहाला जाऊन आले. बसमध्ये शेजारी एक माणूस मांडीवर टर्की घेऊन बसला होता आणि मी सबंध रस्ताभर त्या टर्कीचाच विचार केला, म्हणजे दुसरा करावा लागू नये.

मामा खिडकीजवळच्या पलंगावर होते. बारीक झालेत. त्यांच्यासाठी चीज नेलं होतं.

"सण कसा झाला?"

"छान झाला मामा. पाऊस नव्हता."

"पुसता ना?"

"पुसते."

"खालून हात फिरवता का पुसताना?"

मी हो म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. पलंगाला लोखंडी कठडा आहे. त्याच्याखाली त्यांचा अंगठा सरकत होता. जरा पुढे जायचा, थांबायचा, नखाने काहीतरी गिरवायचा, पुन्हा पुढे. मी मोजलं नाही. नर्स म्हणाली, "दिवसभर हेच चालतं त्यांचं. औषधांमुळे होतं असं." मी म्हटलं, असेल.

दोन तास बसले. तोंड उघडलं की मी टर्कीबद्दलच बोलायचे. निघताना ते म्हणाले, "तुमचे उपकार झाले हो." मी जिन्यात बसून रडले आणि मग खाली जाऊन जेली खाल्ली, लाल. भूक कशी लागते अशा वेळी?

२१ जुलै, रविवार

शाळेत रुंताकेची बैठक झाली. बायका-पुरुष मिळून तीसेक. पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली म्हातारी माणसं. सायकल फळ्याला टेकवून ठेवली होती. तेहो खेळताना ओळख झालेले लोकसुद्धा माझ्याशी इतकं अदबीने बोलत होते की कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

एवेलियो म्हणाला, "पुन्हा कोरू या. ज्याची त्याने. त्यात काय आहे एवढं?"

"कोण कोरणार?" क्लोदोमिरो काका म्हणाले. "माझ्या बाबांचा हात मी कुठून आणू? तुमच्या दुकानात मिळतो?"

"नातवंडांनी कोरावी मग."

"नातवंडं फोनवर आपलं नावसुद्धा नीट लिहीत नाहीत."

तरी फळ्यावर काढायला घेतलं, निदान आठवतंय तेवढं. जो तो उठायचा, खडूने आपली खूण काढायचा, आणि दुसरा म्हणायचा, "अशी नव्हे हो, शेपूट डावीकडे." "तुम्हाला काय माहीत, मेंढी आमची!" थोडा वेळ हसलेसुद्धा. बावीस झाल्या. तेविसावी कोणाची ते आठवलं, मार्कोलिनो कौलारूची. कौलं भाजायचा. डोंगर खचला त्या वर्षी भट्टी गाडली गेली आणि तो बायकापोरांना घेऊन खाली मैदानी मुलखात निघून गेला. त्याची खूण मात्र कोणालाच आठवेना. एकजण म्हणाला किल्ली, एकजण म्हणाला पळी.

"आब्देनागोंना विचारा," काका माझ्याकडे वळले. "तुमच्या मामांच्या बोटांत सगळ्या आहेत. शुक्रवारी गेला होतात ना? काय म्हणाले?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"बरं नव्हतं त्यांना," मी म्हटलं. "बोलणं झालं नाही."

 तेओदोलिंदा आजींनी काठी जमिनीवर दोनदा वाजवली.

"पुसून टाका तो फळा," त्या म्हणाल्या. "उद्या पोरांची शाळा आहे. सायकलीवर कोणी काही कोरायचं नाही. आणि ती या पोरीकडेच राहू द्या."

"हिच्याकडे?" मागून एक बाई ओरडली.

"मग कोणाकडे? तुम्ही घेता? आब्देनागो येईल तेव्हा येईल, तोवर हिच्याकडे. एकच काम. कोणी खूण बघायला आलं, भेटायला आलं, तर काय झालं ते हिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आम्ही नाही सांगणार. आमच्याने होणार नाही ते."

माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, माझ्या जरा डावीकडे बघत, "जमेल ना हो?"

मी हो म्हटलं. माझ्या 'हो'ची किंमत आता मला माहीत आहे.

सायकल घरी आणून जागेवर ठेवली. वरून मातेची तसबीर बघते. तिच्या हातातलं बाळ उस्तादांसारखं नाही दिसत, छान आहे.

२३ जुलै, मंगळवार

कोणी येत नाही. आधी दिवसाआड कोणीतरी डोकवायचं, अंडी द्यायला, काडी मागायला. आता फाटकापाशी दूध ठेवून जातात. आजीही नाहीत. मी वरच्या वळणापर्यंत गेले होते. त्या भिंतीपाशी उन्हात बसल्या होत्या, हात मांडीवर उलटे. मी हाक मारली नाही. त्यांना पावलं ओळखता येतात, त्यांनीही मारली नाही.

मामांना पुढच्या आठवड्यात सोडणार. आईला फोन करून सांगितलं, मी उद्या निघतेय. ती म्हणाली, "आणि त्याला कोण सांगणार?" म्हणजे तिलाही कळलंय. मी म्हटलं रेंज जातेय, आणि ठेवला. टेकडीवर उभी होते, रेंज पूर्ण होती.

गाईंचं क्लोदोमिरो काकांना चिठ्ठीत लिहिलंय. कोंबड्या आठ. वही कुठे ठेवावी कळत नाही. मामांनी वाचली तर मला तोंडाने सांगावं लागणार नाही. हा विचार मला इतका आवडला की मी स्वतःलाच घाबरले.

२४ जुलै, बुधवार, सकाळ

उभ्याने लिहितेय, चुलीपाशी.

साडेसहाला पिशवी घेऊन दुधाच्या कॅनच्या कट्ट्यावर जाऊन बसले होते. किल्ली कुंडीखाली, वही सायकलीच्या सीटवर. एवेलियोची गाडी आली. मी चढायला उठले तर पुढच्या दारातून एक बाई उतरली. पन्नाशीची, पातळ कपडे, खालच्या गरम मुलखातली, दात वाजत होते. एवेलियो माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "या तुमच्याकडेच आल्यात," आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.

"सायकल तुमच्याकडे असते ना?" ती म्हणाली. "मी मार्कोलिनो कौलारूची नात. योपालहून आले, रात्रभर बसमध्ये होते. कोणीतरी सणाचा फोटो टाकला होता, तो माझ्या लेकीने दाखवला. किती सुंदर ठेवलीत हो तुम्ही! मला वाटलं होतं एव्हाना भंगारात गेली असेल."

मी काय करणार? मी तिची पिशवी घेतली आणि घरी आणलं. रस्ताभर ती बोलत होती. आजोबा मरेपर्यंत सांगायचे की वर डोंगरात एका सायकलीवर आपलं नाव आहे. भट्टी गेली, जमीन गेली, त्यांचा एक फोटोसुद्धा नाही. खूण काय होती ते घरात कोणालाच आठवत नाही. वडिलांना विचारायचं राहिलं, ते मार्चमध्ये गेले.

मी गुळपाणी ठेवलंय. ती अंगणात नळावर हात धुतेय, साबण मागून घेतला माझ्याकडे. बाकावर तिने सगळं नीट मांडलंय: एक पातळ कागद, कडक पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवलेला, चुरगळू नये म्हणून, आणि दोन्ही बाजूंनी टोक काढलेली पेन्सिल.

"कागद लावून पेन्सिलीने ठसा घेते आणि जाते," म्हणाली. "खूण खालच्या बाजूला आहे ना? फोटोत दिसत नव्हती. पाच मिनिटांचं काम, तुमचा वेळ नाही घेणार."

फाट्यावर एवेलियो हॉर्न वाजवतोय. पाणी उकळलं. तिने हात पुसले, आता दाराशी उभी आहे आणि विचारतेय, "येऊ का आत?"